ठोका चुकल्याचे यंत्राला कळले, धावणार कोण?

हृदयाची लय बिघडली की रुग्णाला जाणवण्याआधी ती यंत्राला कळावी, या कल्पनेत आता नावीन्य उरलेले नाही. मुंबई-ठाण्यातील कोणत्याही बऱ्यापैकी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात खाटेच्या उशाशी लावलेला मॉनिटर रात्रंदिवस हेच काम करीत असतो. त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली असून, ठोक्यांचा आलेख तज्ज्ञ डॉक्टरच्या तोडीने वाचणाऱ्या संगणकप्रणालींच्या बातम्या वारंवार येऊ लागल्या आहेत. मात्र हे तंत्रज्ञान याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शहापूर-मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर न्यायचे म्हटले, तर केवळ यंत्र नेऊन भागत नाही. यंत्राने इशारा दिला की कोणीतरी धावत येईल, आलेल्याला पडद्यावरची रेषा वाचता येईल, वाचल्यावर द्यायचे औषध कपाटात असेल आणि त्याने भागले नाही तर मोठ्या रुग्णालयाचा रस्ता वेळेत संपेल, अशी चार गृहीतके त्या यंत्राच्या पोटात दडलेली असतात. शहरात ती सहसा खरी ठरतात. ग्रामीण भागात त्यांपैकी प्रत्येक गृहीतक स्वतंत्रपणे तपासावे लागते, आणि चर्चा नेमकी तेथेच थांबलेली दिसते.

सरासरीत हरवलेले तालुके

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि आदिवासी आरोग्याचा प्रश्न जणू त्याच्याबरोबर पालघरला गेला, असा समज प्रशासनात आणि प्रसारमाध्यमांतही रूढ झाला. उरलेला ठाणे जिल्हा म्हणजे ठाणे, कल्याण, भिवंडी, उल्हासनगर, अंबरनाथ अशी शहरांची रांग. महापालिकांची आणि खासगी रुग्णालयांची गर्दी असलेल्या या जिल्ह्याची सरासरी काढली की शहापूर आणि मुरबाड तीत विरघळून जातात. वास्तविक ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली अशा समाजांची मोठी वस्ती या दोन तालुक्यांत आहे. मुंबईची तहान भागविणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा अखेरचा टप्पाही जून २०२५ मध्ये याच तालुक्यातून खुला झाला. पाणी आणि वाहने या दोहोंनी मुंबईची वाट सुलभ केली. रुग्णाची वाट मात्र आपल्या पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंतच अडते. डोळखांब, किन्हवलीच्या आतल्या भागातून किंवा माळशेजच्या पायथ्याकडील गावांतून निघालेल्या रुग्णाला पावसाळ्यात झोळीतून आणावे लागल्याच्या बातम्या शहरी वाचकाला अपरिचित नाहीत.

शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय. त्यांच्या पलीकडे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय, ठाण्याचे जिल्हा रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि सरतेशेवटी मुंबईतील केईएम अशी ‘पुढे पाठविण्याची’ परंपरागत साखळी. शहापूरहून ठाणे पन्नास किलोमीटरच्या आसपास, मुरबाडहून कल्याण तीसच्या घरात. नकाशावर ही अंतरे क्षुल्लक वाटतात. परंतु मुरबाडला आजही रेल्वे नाही, आणि महामार्गावर भिवंडी-ठाण्याच्या वाहतुकीत अडकलेल्या रुग्णवाहिकेसाठी किलोमीटर हे माप निरुपयोगी ठरते. हृदयाचे ठोके अनियंत्रितपणे थरथरू लागले, म्हणजे ज्याला वैद्यकीय भाषेत व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात ती अवस्था आली, तर विजेचा झटका मिळण्यास उशीर होणाऱ्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. पुढे पाठविण्याचा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. जे करायचे ते त्याच खाटेवर, त्याच पाच मिनिटांत.

यंत्र शिकले कोठे?

विलेम आइनथोव्हेन या डच शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाच्या विद्युतलहरी कागदावर उतरविल्या आणि १९२४ मध्ये त्यासाठी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. या लहरी संगणकाकडून वाचून घेण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९५०च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले. तथापि, लयीतील बिघाड यंत्राला ओळखता यावा यासाठी खरा पाया घातला गेला तो बोस्टनमध्ये. बेथ इस्रायल रुग्णालयातील रुग्णांच्या नोंदी घेऊन मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सहकार्याने १९८० मध्ये एक संग्रह प्रसिद्ध करण्यात आला. ४७ व्यक्तींच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आणि त्यांतील सुमारे एक लाख दहा हजार ठोके. यातील प्रत्येक ठोका तज्ज्ञांनी डोळ्यांनी तपासून त्याला नाव दिलेले. जगभरातील हजारो संशोधनपत्रे, आपल्याकडील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील कितीतरी प्रकल्प याच ४८ नोंदींवर उभे आहेत. ठोक्याचा टोकदार उंचवटा संगणकाने कसा हुडकावा याची, पान आणि टॉम्पकिन्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली रीत आजही शिकविली जाते.

पुढे माहितीचे प्रमाण वाढले. २०१९ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ५३,५४९ रुग्णांच्या ९१,२३२ नोंदींवर शिकविलेली प्रणाली प्रसिद्ध केली. लयीचे बारा प्रकार ओळखण्यात तिने हृदयरोगतज्ज्ञांच्या सरासरीला मागे टाकले. मात्र या नोंदी छातीवर चिकटविण्याच्या पट्टीतून आलेल्या होत्या आणि ती पट्टी बांधून माणसे आपापल्या घरी वावरत होती. वॉर्डात घामाने डबडबलेला, थंडीतापाने कुडकुडणारा, सलाइनच्या हाताने छातीवरच्या तारा ओढणारा रुग्ण हा वेगळा मामला आहे. त्या थरथरण्याची रेषा पडद्यावर उमटते आणि यंत्राला ती हृदयाची वाटते. इमारतीचे अर्थिंग सदोष असेल तर विजेच्या ५० हर्ट्झ लहरींची झालर प्रत्येक ठोक्याला लागते. इलेक्ट्रोडचा चिकटपणा संपला की रेषा सपाट होते आणि मॉनिटर रुग्ण दगावल्याची द्वाही फिरवितो.

मुंबईतही या विषयावर काम झालेले आहे, हे येथे नोंदविणे अगत्याचे. पवईच्या आयआयटीमध्ये २०००च्या दशकात गळ्यात घालता येईल असे ‘सिलिकॉन लॉकेट’ विकसित करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आला होता. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने मोबाइलशी जोडता येणारे हातात मावेल असे ईसीजी यंत्र तयार केले. स्वदेशी, स्वस्त आणि खेड्यासाठी हा हेतू दोन्हींमागे होता. प्रयोगशाळेतील नमुना आणि ग्रामीण रुग्णालयाच्या खरेदी यादीतील वस्तू यांच्यामधील दरी मात्र आपल्याकडे कशी पडते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

लांडगा आला रे

खोटा इशारा हा या तंत्रज्ञानाचा जुना रोग. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात पाच अतिदक्षता विभागांतील ४६१ रुग्णांच्या मॉनिटरांची ३१ दिवसांची नोंद ठेवण्यात आली आणि २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. या एका महिन्यात मॉनिटरांनी २५ लाख ५८ हजार ७६० इशारे दिले. ऐकू येणारे इशारे मोजले तरी एका खाटेमागे दिवसाला १८७. लय बिघडल्याच्या १२,६७१ इशाऱ्यांची तज्ज्ञांनी छाननी केली, तेव्हा त्यांतील ८८.८ टक्के खोटे ठरले. एकेका परिचारिकेकडे एक किंवा दोनच रुग्ण असलेल्या रुग्णालयातील ही स्थिती आहे. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका प्रसूतिकक्षात गुंतलेली असताना पुरुषांच्या वॉर्डात मॉनिटर वाजू लागला, तर पहिल्या दिवशी ती धावेल, दुसऱ्या दिवशीही धावेल. आठवडाभरात मात्र त्या आवाजाची बटणे कोठे आहेत हे तिला पाठ झालेले असेल. त्यासाठी तिला दोष देणे सोपे आहे आणि चौकशी समित्या सहसा तेच करतात.

खोट्या इशाऱ्याहून अधिक उपद्रवी असते ते चुकीचे निदान, कारण ते छापून येते. ईसीजीच्या कागदाच्या माथ्यावर यंत्र स्वतःचा निष्कर्ष इंग्रजीत छापते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, यंत्राने ‘एट्रियल फिब्रिलेशन’ असे छापलेल्या २,२९८ आलेखांची फेरतपासणी करण्यात आली. १९ टक्के आलेखांत ते निदान चुकीचे निघाले. असे चुकीचे निदान झालेल्या ३८२ रुग्णांपैकी ९२ जणांच्या बाबतीत डॉक्टरांनी ते दुरुस्तच केले नाही आणि ३९ जणांना नको ती औषधे सुरू झाली. छापील अक्षरापुढे मान तुकविण्याची वृत्ती बोस्टनमध्ये जशी, तशी बदलापूरमध्येही असणार.

येथील रुग्ण, येथील कारणे

या सगळ्याहून महत्त्वाचा आणि सर्वांत कमी चर्चिला जाणारा मुद्दा असा की, सह्याद्रीच्या पायथ्याशी माणसाच्या हृदयाची लय ज्या कारणांनी बिघडते, त्यांतील कित्येक कारणे बोस्टनच्या त्या संग्रहाला ठाऊकच नाहीत.

लाल विंचवाचे उदाहरण पाहावे. रायगड जिल्ह्यातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १९८२ मध्ये त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये त्यांना ‘पद्मश्री’ देण्यात आली. लाल विंचवाच्या विषाने शरीरात संप्रेरकांचे वादळ उठते. घाम सुटतो, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, नाडी धावू लागते, मधूनच ठोके चुकतात आणि उपचारास विलंब झाला तर फुप्फुसांत पाणी भरते. यावर प्राझोसिन हे रक्तदाबावरील स्वस्त औषध उपयोगी पडते, हे बावस्करांनी दाखवून दिले आणि कोकणातील विंचूदंशाच्या मृत्यूंचे चित्र पालटले. अशा रुग्णाचा आलेख यंत्रासमोर ठेवला तर हृदयविकाराच्या झटक्यासारखे बदल पाहून ते तसाच शेरा मारू शकते. गार पडलेल्या पायांना हात लावून ‘काय चावले’ असे विचारणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याला जे तीस सेकंदांत समजते, ते पडद्यावरच्या रेषेत लिहिलेले नसते.

दुसरे उदाहरण बिट्टीचे, म्हणजे पिवळ्या कण्हेरीचे. कुंपणाला आणि देवळाच्या आवारात सर्रास आढळणाऱ्या या झाडाच्या विषात डिजॉक्सिन या हृदयावरील औषधाच्या जातकुळीचे द्रव्य असते. विषबाधा झालेल्या रुग्णाचा ठोका मंदावतो, हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे जाणारा संदेश अडतो. यावरील उतारा महागडा असून तो सहजी मिळत नाही. तात्पुरता पेसमेकर बसवायचा तर मोठे रुग्णालय गाठावे लागते. या विषाचा धोका असा की, दाखल होताना ठीक दिसणाऱ्या रुग्णाची लय कित्येक तासांनी, क्वचित दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही बिघडू शकते. कीटकनाशकाच्या विषबाधेतही हेच. शहापूर-मुरबाडसारख्या ठिकाणी मॉनिटरचे खरे मोल येथे आहे. दर तासाला नाडी मोजण्यास माणूस नाही, ती सतत मोजणारे यंत्र तेथे चोवीस तासांचा पहारा देऊ शकते आणि ठोका साठच्या खाली, पन्नासच्या खाली उतरू लागताच रुग्णवाहिका बोलावण्याइतका अवधी मिळवून देऊ शकते. यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही. इशाऱ्याची मर्यादा त्या रुग्णापुरती योग्य आकड्यावर लावता येणे आणि ती कोणीतरी लावणे, एवढेच लागते. कारखान्यातून आलेल्या आकड्यांवर मॉनिटर तसाच चालू ठेवण्याचा प्रघात शहरातही आहे, ही गोष्ट वेगळी.

तिसरा रुग्ण असतो ऱ्हुमॅटिक हृदयविकाराचा. लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, पुढे हृदयाची झडप आकसली आणि ऐन तिशी-चाळिशीत ठोके बेताल झाले, असा क्रम गरिबीतच जास्त दिसतो. पाश्चात्त्य देशांत एट्रियल फिब्रिलेशन हा मुख्यतः वृद्धांचा विकार मानला जातो, येथे तो तरुण बाईलाही असू शकतो. यंत्र तो बिनचूक ओळखेल, याविषयी शंका नाही. त्यानंतर मेंदूत गुठळी जाऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी लागते. नवी, तपासणीची कटकट नसलेली औषधे या रुग्णांत जुन्या औषधांपेक्षा सरस ठरत नाहीत, उलट जुनीच बरी, असा निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इन्व्हिक्टस’ या आंतरराष्ट्रीय चाचणीतून निघाला. जुन्या गोळीसाठी रक्ताची आयएनआर तपासणी नियमित करावी लागते. कसाऱ्याच्या वरच्या पाड्यावरील बाईने ती महिन्याच्या महिन्याला कोठे करावी, याचे उत्तर यंत्र बनविणाऱ्या कंपनीने द्यावे अशी अपेक्षा नाही. ते आरोग्य खात्याने द्यायचे आहे.

आलेख पोहोचला, पुढे?

दूरवरच्या तज्ज्ञाकडून आलेख वाचून घेण्याची व्यवस्था हा यावरील एक उपाय असून तो कागदावर राहिलेला नाही. तमिळनाडूत मोठ्या रुग्णालयाला लहान रुग्णालये जोडून हृदयविकाराच्या झटक्यावर उपचार करण्याचा प्रयोग झाला. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासात वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. गोव्यात गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्रस्थानी ठेवून, तर महाराष्ट्रात २०२१ मध्ये काही जिल्ह्यांपासून ‘स्टेमी’ या नावाने याच धर्तीची योजना हाती घेण्यात आली. हृदयरोगतज्ज्ञ चरित भोगराज यांनी स्थापन केलेल्या बंगळूरुच्या ट्रायकॉग या कंपनीची पद्धत अशी की, खेड्यात काढलेला आलेख प्रथम संगणक चाळतो, मग तज्ज्ञ तो पाहून काही मिनिटांत उत्तर धाडतो. यंत्राच्या निष्कर्षावर माणसाची सही घेण्याची ही रीत शहाणपणाची आहे.

परंतु हा आलेख दहा सेकंदांचा असतो. झटका आलेल्या रुग्णाच्या बाबतीत दहा सेकंद पुरतात. लय बिघडणे हा येऊन-जाऊन असणारा विकार आहे. सकाळी अकराचा आलेख निर्दोष आणि रात्री अडीचला रुग्ण बेशुद्ध, असे सहज घडते. सतत पाहणी करणारा मॉनिटर आणि दूरचा तज्ज्ञ यांची गाठ घालून देणारी व्यवस्था ग्रामीण रुग्णालयांच्या स्तरावर अद्याप रुजलेली नाही. ती रुजवायची, तर ‘२४ तास कोण जागे राहणार’ या प्रश्नाचे उत्तर करारात लिहावे लागेल.

स्वयंचलित लय-परीक्षेचे सर्वांत यशस्वी उदाहरण या गदारोळात विसरले जाते. एईडी, म्हणजे स्वयंचलित शॉक यंत्र, रुग्णाच्या छातीवर पट्ट्या लावताच लय तपासते आणि झटका द्यायचा की नाही, या एकाच प्रश्नाचे उत्तर देते. बारा प्रकार ओळखण्याचा हव्यास ते धरीत नाही. डॉक्टर नसतानाही ते वापरता येते. महाराष्ट्रात २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ अद्ययावत जीवनरक्षक श्रेणीच्या होत्या. शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असे एक यंत्र आणि ते हाताळण्याचा सराव असलेले दोघे जण असणे, हे कोणत्याही महागड्या प्रणालीपेक्षा आधी करण्यासारखे काम आहे.

सराव आणि देखभाल हे शब्द निविदेच्या शेवटच्या पानावर जातात, हा अनुभव जुना आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने २०१५ मध्ये उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आखला, त्यापूर्वी देशभरातील २९,११५ आरोग्य संस्थांतील ७ लाख ५६ हजार ७५० उपकरणांची मोजदाद करण्यात आली. राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद अवस्थेत आढळली. मॉनिटरच्या बाबतीत तर तो बंद पडावाच लागत नाही. पन्नास-साठ रुपयांच्या इलेक्ट्रोडची पाकिटे संपली, बॅटरी दहा मिनिटांवर आली आणि गावातील डीपी जळाला, की यंत्र चालू असूनही नसल्यासारखेच.

कायद्याच्या बाजूने काही हालचाल झाली आहे. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ मध्ये स्वतंत्र नियम आले. १ एप्रिल २०२० पासून निदान करणाऱ्या संगणकप्रणालीदेखील उपकरणांच्या व्याख्येत आल्या. त्यामुळे प्रणाली विकण्यापूर्वी तिची तपासणी होऊ लागली. ती तपासणी कोणत्या रुग्णांवर झाली, त्यांत विंचूदंशाचे, विषबाधेचे, ऱ्हुमॅटिक विकाराचे किती, हे विचारण्याचा अधिकार खरेदीदाराला म्हणजे शासनालाच आहे. कळवा, उल्हासनगर आणि केईएममध्ये दाखल होणाऱ्या अशा रुग्णांचे आलेख, त्यांची ओळख पुसून आणि संमती घेऊन, जमा करणे अवघड नाही. बोस्टनने केवळ ४७ व्यक्तींवर पाया घातला होता.

तोवर एक साधी गोष्ट मोजता येईल. इशारा वाजल्याची वेळ मॉनिटर स्वतःच साठवून ठेवतो. कोणीतरी त्या खाटेशी पोहोचल्याची वेळ मात्र परिचारिकेच्या वहीत लिहावी लागेल, आणि त्यासाठी वहीत एक रकाना वाढवावा लागेल. शहापूर आणि मुरबाडच्या रुग्णालयांत महिनाभर ही दुसरी वेळ नोंदविली गेली, तर नवी यंत्रे आधी हवीत की रात्रपाळीला आणखी एक परिचारिका, याचा निर्णय निविदा काढण्यापूर्वीच घेता येईल.